टॉकोरावरचं दूध आणि दही

जेल रोड, नाशिकरोड
रविवार, दुपार

आदरणीय भागुअक्का यांस,

यशोदेचा सविनय जय भीम.

उजवा गुडघा कसा आहे ते आधी कळवावं. (डाव्याची चौकशी मागच्या पत्रात केली होती. तिला उत्तर आलं नाही, म्हणजे तो बरा असणार असं मी धरलं आहे.) शेळी व्याली का, नागली लावून झाली का, आणि टेकडीवरच्या मोबाइल टॉवरमध्ये काही जीव आला की अजून नुसताच उभा आहे, हेही लिहावं. इकडे मी बरी आहे. रक्तदाब गोळीला घाबरून असतो. संघर्ष पुण्याहून फोन करतो आणि मी जेवले का हे विचारायच्या आधी फोन चार्ज केला का हे विचारतो. मागून सूनबाईचा, मनालीचा आवाज येतो की अहो, आधी जेवणाचं विचारा. तुम्ही एसटीने पाठवलेला नागलीच्या पापडांचा डबा मिळाला. कंडक्टरने मांडीवर घेऊन आणला असावा, एकही पापड मोडला नव्हता. डब्याबद्दल पुढे लिहिते.

डब्यातलं तुमचं पत्रही मिळालं. एवढं लहान पत्र तुम्ही मला आजवर लिहिलं नव्हतं. त्यात एवढंच, की सावळ्याचं सगळं लिखाण तू फोनमधून घालवलंस असं संघर्षकडून कळलं, खरं असेल तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस, बस. सोबत माझं मागचं पत्र लाल शाईने तपासून परत. (शाळेतून तुम्ही निवृत्त झालात, तुमचं लाल पेन झालेलं नाही.) पत्र वाचलं, पापड तळायला ठेवलेलं तेल उतरवलं आणि ओट्याशी उभी राहिले. राग नाही आला. भाऊ तुमचा होता. माझा नवरा व्हायच्या कितीतरी आधीपासून तो तुमचा भाऊ होता.

म्हणून ज्यासाठी हे पत्र आहे ते पहिल्यांदा सांगते. तुमच्या भावाचं लिखाण गेलेलं नाही. अक्षर न् अक्षर जागेवर आहे. मध्यंतरी काही दिवस ते गेलंच असं मीही समजत होते, आणि त्या दिवसांत मी कशी होते ते लिहीत नाही. आता झोप लागते, जेवण जातं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुमच्याकडे रेंज बंधाऱ्यावर, आणि गुडघा घेऊन तुम्हाला तिथे उभं करायचं म्हणजे माझ्यावरचे गुन्हे अजून वाढवायचे. तेव्हा बाजेवर पाय लांब करून बसा आणि सावकाश वाचा. टोकन म्हणजे काय इथपासून सांगावं लागणार आहे.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर तुमच्या भावाचं काय झालं होतं ते तुम्ही पाहिलं आहे. आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात बसलेला माणूस घरात बसून फ्रीजचा आवाज ऐकायचा आणि हा किती दिवस टिकेल ते सांगायचा. (फ्रीज अजून चालू आहे.) तेव्हा कंट्रोल रूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या रंगनाथभाऊंनी (संघर्षच्या लग्नात ज्यांनी माईक सोडला नव्हता ते) त्यांच्या फोनवर टॉकोरा नावाचं एक प्रकरण बसवून दिलं. तिथे जगभरची माणसं लिहितात, एकमेकांचं वाचतात आणि आवडलं तर मत देतात. बाकीच्या ठिकाणी आवडलं म्हणून नुसता अंगठा मिळतो. इथे लिहिणाऱ्याला टोकन मिळतं, आणि ते टोकन पुढे बाजारात विकता येतं. ह्यांना टोकनाचं काही नव्हतं. तुमच्या बाबांची शाळा, पावसात गळणारा वर्ग, जीपचा प्रवास, तुमची दादागिरी, असं सुरगाण्याचं लहानपण ते दर शनिवारी लिहायचे. लिहायचे मराठीत. कुठल्याकुठल्या देशांतली माणसं मशीनकडून भाषांतर करून ते वाचायची आणि नागली म्हणजे काय असं विचारायची. नागलीवर ह्यांनी इतकं लिहिलं की एका बाईने तिच्या देशातून बियाणं मागितलं.

ते गेल्यावर फोन मी बंद केला नाही. रिचार्ज मारत राहिले. दुपारी भांडी झाली की चष्मा लावायचा, त्यांचा एक लेख वाचायचा आणि मग आडवं व्हायचं. रडायला म्हणून वाचत नाही. संसारात आमचं बोलणं दुपारीच व्हायचं, तेवढी वेळ मी मोडलेली नाही.

तर संघर्षचा फोन आला की आई, बाबांच्या खात्यात टोकनं पडून आहेत, आता भाव बरा आहे, काढून घेऊ. मला टोकन माहीत होतं ते दवाखान्यातलं, नंबर पुकारला की आत जायचं ते. जुन्या बँकेत पितळेचा बिल्ला मिळायचा तेही माहीत होतं. तो म्हणाला तसं नाही, ही तीन प्रकारची आहेत. मी म्हटलं, सांग. त्याने काहीतरी सांगितलं आणि शेवटी म्हणाला, जाऊ दे आई, तुला नाही समजायचं, तू फक्त पासवर्ड दे. अक्का, तुमच्या घराण्यातल्या पुरुषांना ही एक सवय आहे, समजावून सांगणं जमलं नाही की समोरच्याला समजत नाही असं ठरवायची. मी वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवर. पुड्या संपल्या तेव्हा वीज केंद्राच्या वसाहतीतल्या वाचनालयातली कपाटं. मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मी पासवर्ड दिला नाही.

रंगनाथभाऊंना बोलावलं. ते आले, चहा घेतला, आणि पेपरच्या कडेला बॉयलर काढायला लागले. टॉक नावाचं टोकन म्हणजे वाफ बघा वहिनी, टॉक पॉवर म्हणजे ड्रममध्ये कोंडलेला दाब, आणि टॉक डॉलर म्हणजे बाहेर जाणारी लाइन. मी त्या वसाहतीत जन्म काढला पण बॉयलर आतून कधी पाहिला नाही. मला फक्त गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी त्याची राख माहीत. दुसऱ्या चहाला त्यांनी चिमणी काढली. तिसऱ्या चहाला ते गेले आणि मी त्यांच्या चित्राकडे पाहत माझ्या पद्धतीने विचार केला. तो तुम्हाला लिहिते. संघर्षला तो मान्य नाही, पण त्याच्या पद्धतीने मला अजून कळलेलं नाही.

टॉक म्हणजे दूध. रोज मिळतं, आज विका, आज द्या, पण भाव रोज वेगळा, आणि ठेवून दिलंत तर काय होईल याची कोणी खात्री देत नाही. टॉक पॉवर म्हणजे त्याच दुधाला विरजण लावून केलेलं दही. ते लगेच विकता येत नाही, पण ज्याच्याकडे दही जास्त त्याच्या मताला वजन जास्त. तुम्ही कुणाला मत दिलंत तर त्याच्या पदरात काय पडणार ते तुमच्या दह्यावर ठरतं. आपल्या घरी दह्याचं परत दूध होत नाही. तिथे होतं, पण एकदम नाही, दर आठवड्याला एक वाटी. घाईने कोणी पातेलं उचलून पळू नये म्हणून तसं केलंय म्हणे. आणि टॉक डॉलर म्हणजे दूध पावडर. तिचा भाव कायम सारखा राहील असं पाकिटावर लिहिलेलं आहे. राहतोच असं नाही. पण लिहिलेलं आहे.

(संघर्ष म्हणतो दूध नासतं, टोकन नासत नाही. मी म्हटलं, मग मागच्या वर्षी भाव पडला तेव्हा तू दोन दिवस का जेवला नव्हतास, मनालीने मला सांगितलंय. तो विषय तिथेच राहिला.)

एक शंका मात्र राहिली आणि ती मोठी होती. सगळं दही काढून घेतलं तर भांडं राहतं का? म्हणजे टोकनं काढली तर ह्यांचं खातं आणि ह्यांचं लिखाण राहील, की तेही खरवडून जाईल? हे मी दुसऱ्या दिवशी रंगनाथभाऊंना त्यांच्या गेटपाशी गाठून विचारलं. ते वर पत्र्याकडे बघत म्हणाले, वहिनी, बहुतेक सगळंच जातं. ते असं का म्हणाले हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी संघर्षला सांगून टाकलं की एक थेंब काढायचा नाही. तो म्हणाला, आई, रंगनाथकाकांना काय कळतं. मी म्हटलं, तुझ्या वडिलांचं लिखाण आहे, शंभरातली एक शक्यता असली तरी मला ती नको.

इथवर सगळं ठीक होतं, अक्का. आता माझी चूक.

ह्यांचा शेवटचा लेख अर्धा आहे. त्याखाली माणसं विचारत होती, पुढचं कधी, तब्येत बरी आहे ना, शनिवार गेला. कुणालाच उत्तर मिळत नव्हतं. मला ते बरं वाटेना. कोणी दारात उभं राहून हाक मारतंय आणि आपण आत गप्प बसलोय, असं. म्हणून एका दुपारी मी त्यांच्या खात्यावर लिहिलं, की हे लिहिणारे सावळीराम आता नाहीत, मी त्यांची पत्नी यशोदा, तुम्ही त्यांचं वाचत होतात त्याबद्दल आभारी आहे. एवढंच लिहिलं आणि भाजी निवडायला बसले. उठून बघते तर मतांचा ढीग. ओळखीची नावं होती, पण त्याहून कितीतरी अनोळखी. एक मत म्हणजे एक वाटी, असं माझं गणित. माझ्या दारात एवढ्या वाट्या आल्या होत्या.

तुम्हाला हे सांगायला नको, पण पुढे एका परक्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं, म्हणून लिहिते. वसाहतीत असताना शेजारणीकडून काही आलं की तिची वाटी मी कधी रिकामी परत केली नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घातली. संघर्ष लहान असताना महिन्याअखेरीला साखरही नसायची, तेव्हा कढीपत्त्याची डहाळी ठेवून दिली आहे. रिकामी वाटी हातात द्यायची म्हणजे पुढचं येणंजाणं तोडायचं.

मी मतं परत करायला बसले. ज्याने ह्यांच्या खात्याला मत दिलं त्याच्या पानावर जायचं, तिथे जे काही असेल त्याला पूर्ण मत द्यायचं. एकाने मासा पकडून फोटो लावला होता, दिलं. एकाने आपल्याच बुटांचे फोटो लावले होते, दिलं. एकाच्या पानावर फक्त आकडे होते, मला वाटलं पाढे असतील, दिलं. जसजसं मी परत करत गेले तसतशा अजून वाट्या यायला लागल्या. सकाळचा चहा झाला की बसायचे ते कुकरची शिट्टी वाजेपर्यंत. शेजारच्या तेजस्विनीने विचारलं, काकू, हल्ली फार कामात दिसता. मी म्हटलं, लोकांचं देणं आहे.

मग एक दिवस फोनवर आलं की तुमच्या मताची ताकद संपत आली आहे. ती वसाहतीतल्या पाण्याच्या टाकीसारखी असते, अक्का. सतत नळ सोडला तर तळाला जाते, आणि आपोआप भरते पण आपल्या गतीने. माझी टाकी कोरडी झाली होती आणि वाट्या येतच होत्या. मी देत होते ते मत म्हणजे पाणी घातलेलं ताक, हे मला दिसत होतं, आणि लाज वाटायला लागली. दही वाढवल्याशिवाय मताला वजन येणार नाही, हे तर मी शिकले होते. खात्यात जेवढं दूध होतं तेवढं मी विरजलं. सगळं. पावडर उरली ती ज्यांनी सांत्वनाचे शब्द लिहिले होते त्यांना आहेर म्हणून थोडी थोडी वाटली. संघर्ष जे काढून घ्यायचं म्हणत होता ते हेच, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा विरजण लागून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मा लावून ह्यांचा लेख उघडला तर पान राखाडी. अक्षरं नाहीत. नुसतं लिहिलेलं की कमी पत असल्यामुळे हा मजकूर दाखवला जात नाही. दुसरा उघडला, तसाच. बाबांच्या शाळेवरचा, तसाच. तुमच्यावरचा, तसाच. नावापुढे एक आकडा असतो त्याला ते पत म्हणतात, तो पार खाली गेला होता. कुणीतरी मला ओळीने उलटी मतं दिली होती आणि खाली लिहिलं होतं की हे खातं एका मेलेल्या माणसाच्या नावावर मतांची खरेदी-विक्री करतं.

मी फोन पालथा ठेवला. मग सरळ केला, मग पुन्हा पालथा. ते गेले तेव्हा मला करायला खूप कामं होती, माणसं होती, चहा होता. या वेळी घरात कोणी नव्हतं आणि झालेलं माझ्या हातून झालं होतं. संघर्षला फोन करून सांगितलं की तुझ्या बाबांचं लिखाण गेलं. तो म्हणाला बघतो. आणि बघायच्या आधी त्याने तुम्हाला कळवलं. (तुम्ही नेमक्या त्याच वेळी बंधाऱ्यावर कशाला गेला होतात?)

उलटी मतं देणाऱ्याच्या नावाशेजारी एका राखी बगळ्याचं चित्र होतं. मी त्याला लिहिलं. भांडायला नाही लिहिलं, मला भांडायचं त्राण नव्हतं. वाटीचं सगळं लिहिलं, साखरेचं, कढीपत्त्याचं. विचारलं, की बाबा रे, लोकांनी माझ्या नवऱ्यासाठी वाट्या पाठवल्या, मी त्या रिकाम्या परत करायच्या होत्या का? आणि शिक्षा द्यायची तर मला दे, त्यांचं लिखाण पुसू नकोस. मशीनने त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे. त्याचं पहिलं उत्तर आलं की ही सबब मी पहिल्यांदाच ऐकतोय. दुसरं उत्तर यायला वेळ लागला. मधल्या वेळात त्याने ह्यांचे लेख वाचले होते. मी म्हटलं, राखाडी पान कसं वाचलंस? तर म्हणाला, "दाखवा" असं एक बटण आहे ते दाबलं.

अक्का, ते बटण मी पाहिलं होतं. मला वाटलं ते पैसे मागेल, म्हणून दाबलं नव्हतं.

बगळ्याने नीट समजावून सांगितलं. (त्याच्याकडे त्या दिवशी बर्फ पडत होतं म्हणे, इथे आपल्याकडे आषाढ. तेव्हा त्याच्यावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न मला होताच.) म्हणाला, बाई, तुम्हाला आलेल्या बहुतेक वाट्या माणसांनी पाठवलेल्याच नव्हत्या. यंत्रं पाठवतात. कोण रिकामी वाटी परत करत नाही ते हेरून त्याच घरी पाठवतात. मला लगेच वसाहतीतल्या वरच्या मजल्यावरच्या बाई आठवल्या, त्या मोठ्या पातेल्याच्या तळाला डावभर वरण घालून पाठवायच्या आणि पातेलं भरून परत यायची वाट बघायच्या. हे जर मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी तिथेच ओळखलं असतं. आणि दुसरं तो म्हणाला, लपवणं वेगळं आणि पुसणं वेगळं. लपवू शकतो, पुसता मलाही येत नाही, तुम्हालाही येत नाही, कोणालाच येत नाही. तिथे लिहिलेलं एकाच वेळी कितीतरी ठिकाणी लिहिलं जातं आणि तसंच राहतं. टोकनं ठेवा, विका, वाटा, नाही तर शून्य करा. लिखाणाचा आणि टोकनांचा तसा काही संबंध नाही. उलटी मतं त्याने काढून घेतली, पत हळूहळू वर येतेय, राखाडी गेली.

दिसायला लागलं म्हणून जीव भांड्यात पडला, पण कायमचं राहील हे एका बर्फातल्या बगळ्याच्या शब्दावर कसं मानायचं? मी चपला घातल्या आणि रंगनाथभाऊंकडे गेले. म्हटलं, भाऊ, तुम्ही म्हणाला होतात टोकनं काढली की लिखाण जातं. हा तर म्हणतो जात नाही. खरं काय? रंगनाथभाऊंनी स्वयंपाकघराकडे बघितलं. वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, आत चहा टाकत होत्या. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली, आणि माईक न सोडणारा तो माणूस इतक्या हळू बोलायला लागला की मला कानाला हात लावावा लागला.

झालं होतं असं, की टॉकोरावर नवीन असताना त्यांनी आपल्या तेव्हाच्या साहेबांवर एक कविता लिहून टाकली होती. साहेब म्हणजे दगड मिसळलेला कोळसा, जळत नाही, नुसता धूर करतो, असा तिचा एकूण आशय. पुढे त्याच साहेबांची मुलगी भाऊंच्या घरी सून म्हणून आली. तेव्हापासून भाऊ ती कविता काढून टाकायच्या मागे आहेत. दुरुस्त करून बघितली, तर जुनी तशीच मागे राहते. शेवटी त्यांनी दर आठवड्याला एक वाटी करत सगळं दही काढलं, सगळं दूध विकलं, पावडर विकली, खातं खडखडीत केलं, की आता तरी लिखाण जाईल. त्यांची तशी आशा होती, आणि मला गेटपाशी त्यांनी आपली आशाच सांगितली होती. मी म्हटलं, मग गेली का कविता? त्यांनी मान हलवली. फोन उघडून दाखवला. खात्यात तिन्ही टोकनं शून्य, आणि खाली कविता, चारही कडव्यांसह.

अक्का, मला इतकं हसू आलं की वहिनी बाहेर आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. भाऊ माझ्याकडे असे बघत होते की मी पाणी मागितलं आणि ठसका लागल्याचं सांगितलं. ते हसू त्यांच्यावरचं नव्हतं. किती दिवसांनी श्वास पूर्ण आत गेला. कविता वाईट आहे, पण तिच्याएवढी आनंदाची गोष्ट मी बऱ्याच दिवसांत वाचली नव्हती. मी तिला पूर्ण मत दिलं.

संघर्षला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, म्हणजे सगळ्याची पॉवर केलीस? मी म्हटलं, हो, दही लागलंय. मागे मनाली हसताना ऐकू आली, आणि मग तोही हसला. आता दर आठवड्याला वाटी काढू का, विचारत होता. म्हटलं राहू दे. मी आता वाचल्याशिवाय कुणाला मत देत नाही. एक बाई तिच्या गेलेल्या नवऱ्याने लावलेल्या टोमॅटोंबद्दल लिहिते. तिला दिलं तर वजनदार द्यावं.

तुमच्या डब्यात पंचवटीतून आणलेला चिवडा भरला आहे. चिवड्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा आहे, तो फेकू नका. तुमच्याकडे रेंज नाही म्हणून तुमच्या सावळ्याचं तुम्ही कधी काही वाचलंच नाही, आणि जे वाचलं नाही त्याच्यासाठी तुम्ही मला पत्र टाकायला बंदी केलीत. म्हणून सगळे लेख झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतले. कुठेही पुसले जात नाहीत हे खरं, पण कागद हातात असलेला बरा. तुमच्यावरचा लेख वरच ठेवलाय. लाल पेन जपून वापरा.

गुडघ्याला शेक द्यावा. शेळीला माझा नमस्कार.

तुमची,
यशोदा

ता. क. – दुकानदाराने ह्यांच्या लेखांसोबत रंगनाथभाऊंची कविताही छापली, कारण मी तिला मत दिल्यामुळे ती पानावर सर्वांत वर आली होती. गठ्ठ्याच्या तळाशी आहे. वाचून चुलीत घाला. टॉकोरावर पुसता येत नाही, पण तुमच्याकडे चूल आहे.

ता. क. २ – आता खरं काम. शेवटचा लेख वाचाल तेव्हा कळेल. बाबांची बदली झाली, सामान जीपमध्ये भरलं, कोंबडा मागेच ठेवायचा असं बाबांनी ठरवलं आणि तुम्ही तो अंथरुणाच्या वळकटीत लपवून आणला. घाटात तो आरवला. जीप थांबली. ड्रायव्हर उतरून मागे आला, त्याने दार उघडलं, वळकटीकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाला – इथे लेख थांबतो. उरलेलं पुढच्या शनिवारी, असं लिहिलंय. तो शनिवार त्यांना मिळाला नाही. माझ्या पुड्यांवरच्या गोष्टी अशाच मध्ये तुटायच्या आणि पुढचं मी मनाने जोडायचे, पण हे मला जोडता येत नाही. बगळाही विचारतो, टोमॅटोवाली विचारते, की ड्रायव्हर काय म्हणाला. मला ह्यांनी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. त्या जीपमध्ये होतात आणि अजून आहात, अशा आता तुम्ही एकट्याच.

ता. क. ३ – पापड अजून आहेत, नवीन नकोत. पण डबा परत येईल तेव्हा रिकामा पाठवू नका.